हजेरीपटातली राजूरवाली

सुरुवातीलाच सांगून टाकते. या लिखाणात माणसाचं एकही नाव येणार नाही. माझं नाही, शाळेचं नाही, ज्या खेड्यात ती शाळा आहे त्याचंही नाही. बैलांची नावं द्यायला माझी हरकत नव्हती, पण आमच्याकडे बैलाच्या नावावरून मालक लगेच ओळखतात, म्हणून तीही गाळली. कॉमन नाऊन आणि प्रॉपर नाऊन यांतला फरक शिकवण्यात जिचं निम्मं आयुष्य गेलं, तिनं आठवणी लिहिताना माणसांची सगळी विशेषनामं झाकून ठेवावीत, हे मलाही जरा गमतीचं वाटतं. पण जे घडलं ते नावांमुळेच घडलं, आणि त्यातली दोन नावं मी आता इतकी जपते की कागदावर उतरवायची माझी तयारी नाही.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. राहायला कळंबला आहे, रोज स्कूटीनं जाते-येते. मुलं मला मॅडम म्हणतात, त्यांचे आईबाप मॅडम म्हणतात, मुख्याध्यापक मॅडम म्हणतात, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा भाजीवाला मॅडम म्हणतो, आणि थट्टेच्या लहरीत असले की माझे यजमानही मॅडम म्हणतात. एरवी ते 'ऐकलं का' म्हणतात. मला यात कधी काही खटकलं नव्हतं. उलट मान वाटायचा.

माझी शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे मुलगा, शहर, नदी असे शब्द इंग्रजीत लिहायचे, उजवीकडे एका मुलाचं, एका शहराचं, एका नदीचं नाव लिहायचं. सामान्यनाम म्हणजे सगळ्यांचं मिळून एक नाव, विशेषनाम म्हणजे एकट्याचं नाव, त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. मुलं हे सुरात म्हणायची आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवायची. समजलं का, असं मी कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं आणि पोर्शन मागे राहतो.

मग एका वर्षी आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं. तिथे तीन दिवस आम्हाला सांगितलं की परिसरातून शिकवा. चौथ्या दिवशी अंगात उत्साह घेऊन मी शाळेत आले. असा उत्साह साधारण आठवडाभर टिकतो, हे अनुभवानं माहीत होतं, म्हणून मी घाई केली. पोळा नुकताच होऊन गेला होता. सहावीच्या मुलांना मी घरचा अभ्यास दिला: आपल्या घरातले, गल्लीतले दहा कॉमन नाऊन लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचं प्रॉपर नाऊन लिहा.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या आणि मी खुर्चीत सरसावून बसले. मुलांनी कमाल केली होती. बैलांची नावं तर होतीच, तीही जोडीजोडीनं. कुत्र्यांची होती, शेळ्यांची होती, ट्रॅक्टरच्या कपाळावर रंगवलेली होती. वावरांची होती, कारण आमच्याकडे प्रत्येक शेताला नाव असतं. एकानं तर आपल्या कोंबड्याचं नाव कॅपिटल अक्षरानं लिहिलं होतं आणि खाली कोंबड्याचं चित्रही काढलं होतं. बापांची, आजोबांची, काकांची नावं आडनावासकट होती. आयांची होती, पण ती शाळेच्या दाखल्यावरून उतरवल्यासारखी. आज्या, काक्या, शेजारणी यांच्या समोर मात्र नावं अशी होती: राजूरवाली, उमरखेडवाली, कळंबवाली.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. सासू मारते, जावा मारतात, मग सगळं गाव मारतं. राजूरची कोळसाखाण सोडून ती कापसाच्या गावात चाळीस वर्षं राहिली, तरी राजूरवालीच. मीसुद्धा उमरखेडकडची आहे. नोकरी नसती आणि खेड्यात दिलं असतं, तर आज मी उमरखेडवाली झाले असते. बी.एड. केल्यामुळे मॅडम झाले. ही प्रगती आहे, असं मी समजत होते.

एका मुलीच्या वहीत, 'कुक' या शब्दासमोर, ठसठशीत कॅपिटल अक्षरानं 'राजूरवाली' लिहिलं होतं. मी त्याच्यावर लाल पेननं फुली मारली आणि तिला उभं केलं.

"राजूरवाली हे प्रॉपर नाऊन नाही," मी म्हणाले.

"काहून, मॅडम? तिले सारे राजूरवालीच म्हनतेत."

"गावात राजूरहून आलेल्या किती बायका आहेत?"

तिनं बोटं मोजली. "तीन."

"मग ते एकटीचं नाव झालं का?"

"नाई." मग तिनंच मला विचारलं, "मंग मावशीचं प्रॉपर नाऊन कोनतं हाये?"

"बस खाली," मी म्हणाले. मला उत्तर येत नसलं की मी मुलांना खाली बसवते. बरेच शिक्षक बसवतात.

ही मावशी म्हणजे आमच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवणारी बाई. गावात ती राजूरवाली, शाळेत मावशी. सहावीच्या वर्गाला लागूनच तिचं स्वयंपाकघर आहे, मधल्या भिंतीत सिमेंटची जाळी आहे, त्यामुळे माझं सगळं इंग्रजी फोडणीच्या वासासकट तिच्या कानावर पडायचं. साठीच्या आसपासची, काटक, आणि हसली की पातेल्यावर झाकण आपटल्यासारखा आवाज. त्या दिवशीही जाळीपलीकडून ती हसली. मी अकरा वर्षं तिच्या हातचं खात होते आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. पण त्या वेळी मला राग आला तो तिच्या हसण्याचा.

त्याच आठवड्यात खिचडीत खडा सापडला. एका मुलाचा दात हलतच होता, तो पडला आणि दोष खड्यावर आला. दोनच दिवसांनी भातात अळी निघाली. आता मात्र शाळा समितीचे अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी मावशीला तांदूळ निवडायला सांगितलं आणि समोर उभे राहून पाहिलं. मावशी सुपात बोटं फिरवत होती, पण खडे डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजवा तर पुरता पिकला होता. हे तिनं दोन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"दिवाळीपर्यंत डोळा करून आणा," अध्यक्ष म्हणाले, "नाहीतर सुट्टीनंतर दुसरी बाई पाहू. लेकराच्या पोटाचा सवाल आहे."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मावशीला ते काम म्हणजे काय होतं, हे मी पाहिलेलं होतं. घरी मुलगा-सून होते, खायला होतं, तिथं तिला कुणी उपाशी ठेवलं नसतं. तिथं ती फक्त बसून राहिली असती. शाळेत सत्तर पोरं ताट घेऊन तिच्यासमोर रांगेत उभी राहायची, आणि कोण दोनदा घेतं, कोणाला वाटाणे चालत नाहीत, कोण आज रडून आलंय, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. अध्यक्ष गेल्यावर ती चुलीपाशी बसून राहिली. "मॅडम, माहं इथलं गेलं तं म्या दिवसभर कोनाचं तोंड पाहू?" एवढंच म्हणाली.

यवतमाळला मोतीबिंदूचं मोफत शिबिर होतं. मी लगेच पुढाकार घेतला. पुढाकार घ्यायला मला आवडतं. तिच्या मुलानं मोबाइलवर तिच्या आधार कार्डाचा फोटो पाठवला आणि मी फॉर्म भरला. तेव्हा पहिल्यांदा मावशीचं प्रॉपर नाऊन माझ्या नजरेला पडलं. छान नाव होतं. मी ते वळणदार अक्षरात लिहिलं, खाली तिची सही घेतली. सही तिला येत होती, म्हणजे कुणीतरी शिकवलेलं ते चित्र ती न चुकता काढायची. आपण मोठं काम केलं, अशा समाधानात मी घरी गेले.

शिबिराच्या गाडीतून ती गावातल्या दोन बायकांबरोबर गेली. दोघींची ऑपरेशनं झाली. त्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी परतल्या आणि त्यांच्याबरोबर मावशी परतली, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"काय झालं?" मी विचारलं.

"माहा नंबरच नाई लागला जी."

"असं कसं? फॉर्म मी स्वतः भरलाय!"

तिनं सगळं सांगितलं. मोठा हॉल होता. एक पोरगी यादी घेऊन दारात उभी राहायची आणि नावं पुकारायची. बरोबरच्या दोघी पहिल्याच फेरीत आत गेल्या. ही बाकावर बसून राहिली.

"अन् मॅडम, एका बाईचं तं नाव तीनदा पुकारलं, चौथ्यांदा आरडून पुकारलं. थे काही उठे ना. म्या बाजूवालीले म्हटलं, काय बाई हाये माय! एवढ्या पुकारून राह्यल्या अन् हे बसूनच हाये. डोयासंग कानबी गेले वाट्टे हिचे."

"कोणतं नाव पुकारत होते, मावशी?"

तिनं आठवून ते नाव सांगितलं. वळणदार अक्षरात मी लिहिलेलं.

"अहो, ते तुमचंच नाव आहे!"

तिचा सुपातला हात थांबला. मग हळूच म्हणाली, "हाव. हाये तं माहंच."

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर तिनं जाऊन विचारलं होतं, तेव्हा यादीवाल्या मुलीनं नाव विचारलं आणि हिनं राजूरवाली सांगितलं. त्या मुलीनं बिचारीनं पूर्ण यादी वरून खाली पाहिली. यादीत राजूरवाली नव्हती.

मी भडकले. आधी तिच्यावरच भडकले, हे कबूल करायला हवं. "मावशी, स्वतःचं नावसुद्धा कळू नये का माणसाला?"

"कोनी घेतलं तं समजन ना, मॅडम," ती म्हणाली. तिनं माझ्यावर आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. त्यामुळे मला जास्त लागलं.

मग तांदूळ निवडता निवडता तिनं ते नाव कुठून आलं ते सांगितलं. माहेरी तिचं दुसरंच नाव होतं. लग्न होऊन आली त्या दिवशी रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. नवरा चौथी शिकलेला. नणंदेनं ते मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना साखर वाटली आणि झालं. त्यानंतर नवऱ्यानं आयुष्यभर 'अवं' म्हटलं, सासूनं राजूरवाली म्हटलं, पोरांनी माय म्हटलं.

"अन् ते नाव?"

"त्या तांदयाचा रातच्याले भात झाला," ती हसली. "वऱ्हाड जेवलं. माहं नाव साऱ्यायनं मिळून खाल्लं, मॅडम."

मी हसले नाही. कारण माझ्याही घरी असंच ताट ठेवलं होतं. मी पदवीधर होते, बी.एड. होते, आणि तरी पाटावर बसून यजमानांच्या अंगठीकडे पाहत होते. नाव बदलण्याचं कारण असं की माझं माहेरचं जे नाव, तेच माझ्या मोठ्या जाऊबाईंचं होतं, आणि एका घरात एकाच नावाच्या दोन सुना कशाला, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. मोठ्या जाऊबाई आधी आल्या होत्या, त्यामुळे माझं गेलं. त्यांचंही मूळचं नव्हतं म्हणे, त्यांनाही ते ताटातूनच मिळालं होतं. मी पेढा खाल्ला, नोकरीच्या कागदांवर बदल करून घेतला, आणि मुलांना 'विशेषनाम म्हणजे एकट्याचं नाव' असं शिकवायला लागले.

यवतमाळला चौकशी केली. पुढचं शिबिर दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर होतं. म्हणजे हातात साधारण महिना होता आणि एवढ्या महिन्यात मावशीला स्वतःच्या नावाची सवय लावायची होती. सवय लावायला आमच्याकडे एकच साधन, हजेरी. मी सहावीच्या हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं.

"हे ऑनलाइन हजेरीत कसं बसेल?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पेन्सिलीनं आहे, सर," मी म्हणाले. पेन्सिल म्हटलं की त्यांना धीर येतो.

दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या मुलीचं नाव झालं की मी मावशीचं नाव घ्यायची. जाळीपलीकडे शांतता. पुन्हा घ्यायची. कांदा चिरल्याचा आवाज. मग सगळा वर्ग एकदम ओरडायचा, "मावशी, तुमचं नाव!" आणि आतून उत्तर यायचं, "अवं, दाय उतू चालली माही, जरा थांबा नं."

पहिला आठवडा असाच गेला. मी कंटाळले, पण पोट्टे कंटाळले नाहीत. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस शिकवायला मिळाला होता, तेही स्वतःपेक्षा 'ढ'. ज्या मुलीच्या वहीवर मी फुली मारली होती, तिनं तर हे काम अंगावरच घेतलं. ती वाटेत दबा धरून बसायची आणि मावशी पाण्याची कळशी घेऊन निघाली की मागून नाव पुकारायची. मावशी वळली नाही तर मुलगी कपाळावर हात मारायची, अगदी माझ्यासारखा. ते पाहून मला कळलं की वर्गात मी कशी दिसते.

गावात कुजबुज झालीच. नवऱ्यानं ठेवलेलं नाव पोरं रस्त्यावरून ओरडत फिरतात म्हणून मावशीच्या मुलाला कुणीतरी बोललं. तो शाळेत आला, बाहेर उभा राहून ऐकलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी मावशी सांगत होती, त्यानं घरी विचारलं, "माय, तुहं माहेरचं नाव कोनतं होतं वं?" पस्तिशी ओलांडलेल्या लेकाला तोवर ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

एकदा मावशीनं काम थांबवून मला जाळीतून विचारलं, "मॅडम, थ्याच नावानं कायले पुकारता? माहं पयलं नाव घ्या ना. थे म्या लगेच ऐकीन."

"कार्डावर हे आहे, मावशी. डॉक्टर कार्डावरचंच पुकारतात."

"म्हंजे डोया कार्डाचा करून राह्यले, माहा नाई."

"कार्डाचा झाला की तुमचाही होईल," मी म्हणाले. उत्तर शिक्षकी होतं, पण तिनं मानलं. तिसऱ्या आठवड्यात नाव पुरतं घेण्याआधी जाळीपलीकडून "यस मॅडम" यायला लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शिबिराला मी स्वतः गेले, किरकोळ रजा टाकून. मनात धाकधूक होती. या वेळी नंबर हुकला असता तर सुट्टीनंतर चुलीपाशी दुसरी बाई आली असती, आणि मावशीला दिसेनासं होत गेलं असतं ते वेगळंच. आम्ही दोघी बाकावर बसलो. ती नाव पुटपुटत होती, माझ्या वर्गातली पोरं तोंडी परीक्षेआधी स्पेलिंग पुटपुटतात तशी. दारात यादीवाली मुलगी आली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. मी बोटांवर मोजत होते. सातवं नाव मावशीचं होतं.

मावशी ताडकन उठली, उजवा हात वर केला आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडली, "यस मॅडम!"

सगळा हॉल हसला. मला मात्र रडू आलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझा असा निकाल कधी लागला नव्हता. तिला आत नेलं आणि मी पर्स मांडीवर घेऊन ऐटीत बसले. आजूबाजूच्या बायकांकडे मी जरा वरूनच पाहिलं, हे खोटं कशाला बोलू. यातल्या कितीजणी नाव पुकारल्यावर उठत नसतील, असा विचार करत होते. आपण यांनाही शिकवायला हवं, असंही वाटून गेलं.

दोन तासांनी आतून नर्स आली. हातात कागद होता.

"राजूरवालीसंग कोन हाये?" तिनं विचारलं. आत गेल्यावर मावशीनं स्वतःला पुन्हा राजूरवालीच सांगितलं असणार. मग नर्सनं मोठ्यानं पुकारलं, "मॅडम! मॅडम कोन हाये इथं?"

मी उठले. लगेच उठले, पर्स सावरत, जणू आईबापांनी बारशाला तेच नाव ठेवलं होतं. हॉलमध्ये पर्सवाल्या आणखी चार बायका होत्या. त्यांतली एकही हलली नाही, एकटी मीच दारापाशी जाऊन उभी राहिले.

"तुमचं नाव सांगा," नर्स म्हणाली. "पेशंटले इचारलं, तं मॅडम म्हनते. म्या म्हटलं आजी, मॅडम सारेच असतेत, नाव सांगा. तं तिले येतच नाई. इथं सोबतच्याचं नाव लिहा लागते."

मी नाव सांगितलं. नोकरीच्या कागदांवरचं. ते लिहून घेऊन ती गेली आणि मी तिथेच उभी राहिले. महिनाभर मी एका बाईला स्वतःच्या नावावर उठायला शिकवत होते, रोज, हजेरीपट घेऊन, आणि माझ्या नावाचं कुणी मला काही विचारलंच नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही. लाज वाटली. अगदी साधी, कानाच्या पाळ्या गरम करणारी लाज.

थोड्या वेळानं आत जाऊ दिलं. मावशी खाटेवर पडली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी, वर हिरवं फडकं. माझ्या चपलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं.

"मॅडम, थ्या बाईनं तुमचं नाव इचारलं जी," ती म्हणाली. "मले आलंच नाई. अकरा वर्सं तुमच्या शायेत रांधून राह्यली म्या, अन् तुमचं नाव मले माहीत नाई. लय लाज वाटली."

"असू द्या, मावशी."

"नाई, असू कायले द्या? सांगा, काय नाव हाये?"

मी पुन्हा तेच नाव सांगितलं. तिनं ते एकदा तोंडात घोळवलं. मग तिनं मान माझ्या दिशेनं केली.

"हे कार्डावरचं हाये का पयलं?"

मला उत्तर देता येईना आणि तिला खाली बसवण्याची सोय नव्हती, ती आधीच झोपलेली होती. मी तिच्या खाटेच्या कडेवर बसले आणि माझं पहिलं नाव तिला सांगितलं. आई गेल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं. माझ्याच तोंडून ते मला परक्याचं वाटलं. मावशीनं मान हलवली. "चांगलं हाये," म्हणाली, आणि तिनं आपलं पहिलं नाव मला सांगितलं.

दिवाळीची सुट्टी तिनं डोळ्यात थेंब घालत काढली. शाळा उघडली त्या दिवशी ती काळा चष्मा लावून हजर होती. समितीचे अध्यक्ष आले. तिनं सूप पुढ्यात घेतलं आणि बोटं न फिरवता, नजरेनंच, एकेक खडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. सहा खडे झाले. सातवा तिनं उचलला तो मला तर दिसलाच नव्हता, आणि तसं मी बोलूनही गेले. "मॅडम, तुमी बी एकदा दाखवून घ्या," अध्यक्ष मला म्हणाले. दुसऱ्या बाईचा विषय तिथेच संपला.

मग मी सहावीच्या वर्गात गेले आणि हजेरी घेतली. शेवटच्या पानावरचं पेन्सिलीतलं नाव मी घरूनच खोडून आणलं होतं. त्या जागी दुसरं लिहिलं होतं. मी ते वाचलं. मुलं चमकली, हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण जाळीपलीकडून क्षणाचाही उशीर न होता आवाज आला, "हजर!"

मी हजेरीपट मिटला. तेवढ्यात जाळीतून पुन्हा आवाज आला. मावशीनं माझं नाव घेतलं होतं, पहिलं, पुढे 'बाई' लावून, हजेरी घेतात तसं स्वच्छ आणि मोठ्यानं. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मॅडमला नाव असतं, ही गोष्ट त्यांच्या वहीत कुठेच नव्हती. त्या मुलीचं तोंड उघडंच राहिलं.

आतून दुसऱ्यांदा नाव आलं. मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली नाही. मुलं उठतात तशी मी खुर्चीतून उठले, हात वर केला आणि म्हणाले, "हजर."